सामायिक कॉम्प्रेसर

आमच्या घरात एखादी वस्तू दुकानातून विकत आणायची म्हटलं की माझ्या सासऱ्यांचा अपमान होतो. खाट, कोंबड्यांचं खुराडं, विहिरीवरच्या मोटारीची पेटी, माझ्या मुलीचा पाळणा, सगळं त्यांनी आपल्या हातानं केलेलं आणि सगळं थोडं थोडं एका बाजूला कललेलं. पाळण्यात धम्मदीपा कायम डाव्या कुशीवर झोपायची, कारण दुसऱ्या कुशीवर पाळणा तिला झोपूच देत नसे. पण हे बोलून दाखवायची सोय नाही. गावात देवमन हे नाव घ्या, लोक लगेच म्हणतात, काय हात आहे माणसाचा. हात आहे हो, मी कुठं नाही म्हणते? त्या हाताला थांबावं कुठं ते कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

अशा माणसासमोर मी एके दिवशी जेवताना म्हणाले, मला कॉम्प्रेसर घ्यायचा आहे. तयार. कारंज्याच्या दुकानातून.

कशाला, ते सांगते. मी आणि माझा नवरा अनुप, आम्ही दोघं कितीतरी वर्षं चाकणला होतो. तो पॅकिंगला, मी पेंटच्या लाइनला. गनचा घोडा किती दाबला की रंग सारखा बसतो आणि किती दाबला की ओघळतो, हे माझ्या बोटाला माझ्या आधी कळतं. काम चांगलं होतं, खोली वाईट होती, आणि धम्मदीपा इकडे गावाला आजी-आजोबांजवळ होती. दिवाळीला आम्ही यायचो. ती मला आई म्हणायची, पण भूक लागली की आजीकडे जायची. पायात काटा मोडला की आजोबांकडे जायची. मी पिशव्या घेऊन आलेली पाहुणी. यंदा उन्हाळ्यात आलो तेव्हा मी अनुपला सांगितलं, आता परत जायचं नाही. तो म्हणाला, खायचं काय? प्रश्न बरोबर होता. दोन एकरांत चार मोठी माणसं आणि एक लेकरू बसत नाही.

उत्तर शेलूबाजारात सापडलं. तिथं किसनसिंग म्हणून एक जण लोखंडी आलमाऱ्या बनवतो. लग्नात मुलीला आलमारी द्यायची म्हणजे इकडच्या दहा-वीस गावांतून लोक त्याच्याकडेच येतात. त्याचा रंगारी काम सोडून नागपूरला गेला होता. मी त्याला माझं काम सांगितलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, चार आलमाऱ्या पाठवतो, रंगवून दाखवा. पसंत पडल्या तर दिवाळीनंतरच्या लग्नसराईचं सगळं काम तुमचं, नाहीतर मी माल कारंज्याला पाठवतो. म्हणजे हिशेब सरळ होता. काम मिळालं तर आम्ही घरी. नाही मिळालं तर दिवाळी झाली की परत चाकण, कारण अनुपचा सुपरवायझर फोन करून करून त्याचं डोकं खात होता. माझी लेक माझ्याजवळ वाढणार की नाही, हे एका हवेच्या टाकीवर येऊन थांबलं होतं.

आणि त्यासाठी मी पैसे बाजूला ठेवलेले होते. कोणाकडे मागायचे नव्हते.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घास चावून खाली उतरवला आणि म्हणाले, "विकत कायले? घरी होते ते."

मी म्हटलं, मामाजी, ते पंक्चरच्या दुकानातल्यासारखं नाही, रंगाला हवा सारखी लागते, मध्येच दाब उतरला की पत्र्यावर डाग पडतात. ते म्हणाले, हवा ती हवा. मी अनुपकडे पाहिलं. अनुप ताटातल्या मिरचीकडे पाहत होता. माझा नवरा चांगला आहे, पण बापासमोर त्याची जीभ टाळूला चिकटते. सासूबाई, गंगू त्यांचं नाव, त्या एवढंच म्हणाल्या की म्हाताऱ्यानं एकदा मनावर घेतलं की झालं, आता जेवा.

दुसऱ्या दिवसापासून सामान गोळा व्हायला लागलं. आमच्या शेतात एक विहीर आहे, चार घरांची सामायिक. मामाजींच्या वडिलांनी आणि भावकीतल्या तीन घरांनी मिळून खणलेली. कोणत्या दिवशी कोणी पाणी घ्यायचं ती बारी तेव्हापासून ठरलेली आहे आणि तीन पिढ्यांत एकदाही भांडण झालेलं नाही, हे मामाजी आल्या-गेल्याला अभिमानानं सांगतात. तर ते त्याच तीन घरांत गेले. जगदेवभाऊंकडून कडबा कुट्टीची मोटार आली. रामकिसनभाऊंचा ट्रक भंगारात गेला होता, त्याची हवेची टाकी आली. धम्मरत्नानं पंक्चरचं दुकान बंद केलं होतं, त्याच्याकडून हेड आलं, म्हणजे ज्यात हवा दाबली जाते तो भाग. कोणी पैसे मागितले नाहीत. मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, चला, माणसं चांगली आहेत. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नंतर कळते.

मी एकाच गोष्टीवर अडून बसले. टाकीत आधी पाणी भरून, दाब देऊन ती तपासायची, आणि सेफ्टी व्हॉल नवा बसवायचा. जुनी गंजकी टाकी फुटली तर घरात लेकरू आहे. जगदेवभाऊ हसले, म्हणाले, पाण्यानं कधी हवा मोजतात का. पण मामाजींनी ऐकलं. टाकी तपासली, एका सांध्यातून पाणी आलं, ते वेल्डिंग करून घेतलं, परत तपासली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांचं कौतुक वाटलं. उन्हात बसून, चष्म्याला दोरा बांधून, नट चाटतील इतक्या जवळून पाहत होते.

पण दिवस जात होते. पट्टा बसेना, पुली वाकडी निघाली, मोटार उलटी फिरली. रोज सकाळी मी विचारायची आणि रोज उत्तर यायचं, झालंच. सोयाबीन पिवळं पडलं तरी झालंच. कारंज्याचा दुकानदार माझा नंबर ओळखायला लागला होता, कारण मी चिडले की त्यालाच फोन करून तयार मशीन आहे का, एवढं विचारून ठेवून द्यायची.

मग एका दुपारी ते चालू झालं. आणि चांगलं चालू झालं. मी गन लावून पाहिली, दाब उतरेना. आवाज गिरणीसारखा होता, सगळा सांगाडा उजवीकडे कललेला होता, पण हवा सारखी येत होती. मला वाटलं, उगाच बोलले मी या माणसाला. मी चहा टाकला. चारही घरची माणसं अंगणात जमली, प्रत्येकानं आपापल्या वस्तूवर हात ठेवून पाहिलं. ही माही टाकी. हे माहं हेड. तेव्हाच मला उमजायला हवं होतं.

कपाळावर हात मारायची वेळ दोन दिवसांनी आली. किसनसिंगच्या आलमाऱ्या येऊन पडल्या होत्या. मी त्या घासल्या, थिनरनं पुसल्या, टिनाच्या शेडात उभ्या करून त्यांना प्रायमर मारला. सकाळी रंगाचा हात द्यायचा म्हणून डोक्याला रुमाल बांधून शेडात गेले, तर नुसती नळी खुंटीला लटकत होती. कॉम्प्रेसर नाही. मी ओरडले, चोरी झाली. मामाजी दात घासत होते. शांतपणे म्हणाले, चोरी कायची, जगदेवची बारी हाय.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि राग कुठून सुरू करावा ते कळेना. त्यांनी चार घरांत बारी लावून दिली होती, विहिरीसारखी. ज्याची वस्तू त्याची बारी. जगदेवभाऊंच्या शेतात सोयाबीन काढायचं मशीन उभं होतं, त्याच्या जाळ्या भुशानं बुजल्या होत्या, त्यांना हवा मारायची होती, म्हणून बैलगाडीत घालून ते घेऊन गेले होते. मी विचारलं, आणि माझी बारी? मामाजी म्हणाले, आपली शेवटी. घरच्यानं पाहुण्याच्या आधी ताट ओढू नये.

"मामाजी, विहिरीत रात्रीतून पानी पाझरते," मी म्हटलं. "कॉम्प्रेसर रात्रीतून पाझरत नाही."

ते म्हणाले की चार घरचे बैल एका विहिरीवर पाणी प्याले, कधी कोणाचं तोंड वाजलं नाही. आता माझ्यामुळे वाजायला नको.

संध्याकाळी कॉम्प्रेसर परत येईल म्हणून मी वाट पाहत बसले. आला नाही. दुसऱ्या दिवशीची बारी धम्मरत्नाची होती, तेव्हा उगाच घरी आणून परत कशाला न्यायचा, म्हणून त्यानं तो परस्पर शेतातूनच उचलला. बंद पडलेलं दुकान त्याला परत चालू करावंसं वाटायला लागलं होतं. आमच्याच कॉम्प्रेसरवर! त्याच्या पुढचे रामकिसनभाऊ. त्यांच्याकडे हवेचं काही कामच नव्हतं. पण बारी आली म्हणून त्यांनी तो नेला, ट्रॅक्टर धुतला, मोटारसायकल धुतली, शेजाऱ्यांच्या मोटारसायकली धुतल्या. म्हणे, बारी सोडली की हक्क जातो.

तिकडे गावभर मळणीचा भुसा उडत होता आणि तो सगळा माझ्या ओल्या प्रायमरवर येऊन बसला होता. मी परत घासलं. कॉम्प्रेसर आला तेव्हा परत प्रायमर मारला. तो वाळेपर्यंत बारी संपली. हे असं किती वेळा झालं ते विचारू नका. एकदा तर मी एका आलमारीला निळ्या रंगाचा पहिला हात इतका सुरेख दिला की माझीच मला दृष्ट लागेल असं वाटलं, आणि दुसरा हात द्यायला वळले तर जगदेवभाऊ दारात उभे, हातात कॉम्प्रेसरची वायर गुंडाळत. झालं का, म्हणाले. मी गन हातात धरून उभी. एखाद्या बाईनं अशा वेळी काय करावं? मी काही केलं नाही. मोठ्या दिरासमोर आवाज चढवायची आमच्या घरात रीत नाही. मी आत जाऊन पिठाचा डबा असा आदळला की झाकण अजून नीट बसत नाही.

अनुपला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, बाबाले काय म्हनू मी? मी म्हटलं, चाकणला सुपरवायझरशी भांडायचास ना? तो म्हणाला, थो बाप नव्हता.

दोन चार दिवसांनी किसनसिंग स्वतः आला. त्यानं चारही आलमाऱ्यांवरून बोट फिरवलं. तीन भुशानं खरखरीत, एक अर्धी. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"बाई, हात चांगला हाय तुमचा," तो म्हणाला. "पण मशीन तुमची नाही. मशीन तुमच्या घरी उभी दिसली की सांगा. दिवाळीच्या फराळाच्या आत सांगा मात्र, मंग मी काही थांबत नाही."

त्याच संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला आणि अनुप हो म्हणाला. मला न विचारता. दोघंही येतो म्हणाला. मी भाकरी थापत होते. धम्मदीपा माझ्या मागे माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती, हल्ली ती तशी बसायची, पुस्तक घेऊन. तिनं ऐकलं. उठली आणि आजीजवळ जाऊन बसली. तवा तापलेला होता, भाकरी हातात होती, आणि मला इतका संताप आला, सगळ्यांचा, विहिरीचा, जगदेवभाऊंचा, चांगुलपणाचा, की मी भाकरी तव्यावर टाकायची विसरले.

सकाळी उठून मी कोणालाही काही न सांगता कारंज्याला गेले आणि कॉम्प्रेसर विकत घेतला. लाल रंगाचा, दोन चाकांचा. येताना जीपवाल्यानं तो टपावर बांधला. गावात शिरले तेव्हा चावडीपासून लोक मागे चालत आले. मी अंगणात तो उतरवून घेतला आणि मोठ्यानं सांगितलं, हा माझा आहे, माझ्या पैशाचा आहे, याला कोणाची बारी नाही. जगदेवभाऊ होते तिथं, रामकिसनभाऊ होते. माझ्या आवाजानं मीच दचकले. रामकिसनभाऊ म्हणाले, बरं बा, आणि निघून गेले. जाताना कोणी हसलं नाही. मला हवं होतं ते मी केलं होतं, पण उद्या ह्याच माणसांच्या विहिरीवर मला पाणी भरायचं होतं.

मामाजी ओट्यावर बसले होते. ते उठले नाहीत, जवळ आले नाहीत. ज्या माणसाला शेजाऱ्याचा नवा टॉर्चसुद्धा उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यानं त्या लाल मशीनकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. दुपारी जेवले नाहीत. माझं डोकं आधीच तापलेलं, मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं की विकत आणला म्हणून एवढा राग आहे का.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "चाकं हायेत तिले."

मी म्हटलं, असतात.

"उचलली, जीपात टाकली, की झालं. पुन्याले न्याले काय लागते? तुही कमाई, तुही मशीन. तिकडेच खोलीत टाकसान, धंदा करसान. आन् मंग पोरीलेबी घेऊन जासान." ते माझ्याकडे पाहत नव्हते, समोरच्या कडुलिंबाकडे पाहत होते. "थ्या मशीनमंदी चार घरचं सामान होतं. चौघाले इचारल्याशिवाय गावाबाहीर हालली नसती. म्हनून बनवली."

मी खालीच बसले. एवढे दिवस मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणत होते. हट्टी म्हटलं, कंजूष म्हटलं, भावकीचा गुलाम म्हटलं. आणि हा माणूस पट्टा ताणत होता तो आम्हाला बांधून ठेवायला. मला रडू आलं आणि रडता रडता राग आला, कारण हे एक वाक्य उन्हाळ्यात बोलले असते तर माझ्या चार आलमाऱ्या वाचल्या असत्या.

"मामाजी," मी म्हटलं, "आमी जाऊ नये म्हनून तुमी थे बनवलं, आन् त्याच्याचपायी आमी चाललो होतो. तोंडानं काहून नाही सांगतलं?"

आतून सासूबाई बोलल्या, त्या दाराआडून सगळं ऐकत होत्या. "त्याले बोलता येत नाही, पोरी. वस्तू बनवता येते. लगन झालं तवापासून मी हेच पाहून राह्यली."

अनुप अंगणात उभा होता. मी त्याला म्हटलं, सुपरवायझरला फोन लाव. त्यानं या वेळी बापाकडे पाहिलं नाही. फोन काढून बाहेर गेला, आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, नाही साहेब, नाही जमत, नाही येत. तीनदा तेच सांगावं लागलं त्याला, पण त्यानं सांगितलं.

मी डोळे पुसले आणि मामाजींना म्हटलं, उठा. पाना घ्या. या मशीनची चाकं काढा आणि हिला शेडात सिमेंटमध्ये बसवून टाका, अशी की मलासुद्धा हलवता येऊ नये.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, गॅरंटी जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. ते उठले. मशीनभोवती एक फेरी मारली, चाकाची नटं चाचपली, टाकीवर टिचकी मारून कान लावला. खाली टायरचं रबर टाकावं लागेल, नाहीतर हादऱ्यानं टाकीचा सांधा तडकेल, असं स्वतःशीच पुटपुटले. चेहरा हळूहळू आपल्या जागेवर आला. मग चपला पायात घालून ते दारापर्यंत गेले आणि म्हणाले, लांब बोल्ट लागतील चार, रामकिसनकडे ट्रकचे पडलेले आहेत.

"मामाजी," मी म्हटलं, "रामकिसनभाऊच्या घरी जासान तं माही शपथ हाय. बोल्ट दुकानातून विकत आना."

ते उंबऱ्यात थांबले. विकत, असं एकदा स्वतःशीच म्हणाले, औषध कडू आहे का ते पाहावं तसं. मग अनुपकडे मोटारसायकलची किल्ली मागितली आणि शेलूबाजारला गेले.